एक कोयता, दोन माणसे

दसरा उलटला की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिसू लागतात. वर संसार बांधलेला असतो : पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, चुलीचे सरपण, दोन शेळ्या, गोधडीत गुंडाळलेले लेकरू. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर या कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. टोळीत माणसे किती, असे मुकादमाला विचारले तर तो माणसांचा आकडा सांगत नाही. तो म्हणतो, "बारा कोयते आहेत." एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. उचल जोडीला मिळते, हिशेब जोडीच्या नावाने होतो आणि ते नाव बहुधा नवऱ्याचे असते.

दोन माणसांना एका हत्याराचे नाव देणारा हा शब्द आमच्या भागात रोज बोलला जातो. मराठी ग्रामीण साहित्याने आणि त्याच्या बरोबरीने आपल्या मुस्लिम मराठी साहित्याने या शब्दाचे काय केले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गाव सोडून जाणारा माणूस आपल्या साहित्यात भरपूर आहे. पण जोडीने एखाद्या लहानशा गावात येऊन उतरणारी माणसे आणि त्यांना उतरू देणारे गाव, या दोहोंचे नाते आपण फारसे लिहिलेले नाही, असे माझे म्हणणे आहे.

मी उर्दू शाळेत शिकवते. त्यामुळे स्थलांतराचा विचार करताना माझ्या मनात आधी येतो तो 'हिजरत' हा शब्द. फाळणीनंतरच्या उर्दू साहित्याने या शब्दाला पुष्कळ राबवले. इंतिजार हुसैन यांच्या 'बस्ती' (१९७९) या कादंबरीपर्यंत त्याची मोठी परंपरा आहे. परंतु मूळ हिजरतीच्या कथेत दोन बाजू आहेत, हे आपण विसरतो. इ. स. ६२२ मध्ये मक्का सोडून मदिनेला आले ते मुहाजिर. त्यांना ज्यांनी घरात घेतले ते अन्सार. प्रेषितांनी एकेका मुहाजिराची एकेका अन्साराशी भावाची गाठ घालून दिली. तिला मुआखात म्हणतात. म्हणजे येणाऱ्याची कथा ही यजमानाचीही कथा आहे. अन्सार वगळले तर हिजरत अर्धीच राहते. साहित्यकृती वाचताना मी हीच कसोटी लावून पाहते : येणारा दिसतो आहे, पण दार उघडणारा, किंवा न उघडणारा, दिसतो आहे का?

या कसोटीला आधी आपला प्रदेशच लावून पाहू. बारामती-इंदापूरचे बागायती गाव आपल्याला अनादि काळापासूनचे वाटते. वस्तुतः नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, त्याआधी हा बराचसा भाग दुष्काळी माळ होता. कालव्याच्या पाण्यामागे सासवडकडचे माळी शेतकरी आले, त्यांनी खंडाने जमिनी घेऊन ऊस केला. त्यांच्यातल्याच लोकांनी १९३० च्या दशकात पलीकडे माळीनगरला साखर कारखाना उभारला. त्याच दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने वालचंदनगर वसवले आणि तेथे दूरदूरहून माणसे येऊन राहिली. पुढे सहकारी कारखाने आले. म्हणजे ज्याला आज आपण 'मूळचा गावकरी' म्हणतो, त्याच्यातल्या अनेकांचा पणजोबा इथे पाण्यामागे आलेला आहे. जे भांडवल किंवा खंडाचा कागद घेऊन आले ते दोन पिढ्यांत गावकरी झाले. जे कोयता घेऊन येतात ते तीस-तीस हंगाम एकाच शिवारात येऊनही 'बीडवाले' राहतात. हा फरक कोठून येतो, हे सांगणे साहित्याचे काम होते.

प्रथम व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घेऊ. मी ही कादंबरी पुन्हा पुन्हा वाचते, याचे एक कारण माझा व्यवसाय. एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. वाडी त्याच्याकडे आधी संशयाने पाहते, मग हळूहळू त्याला आपला मानते. या मास्तराला वाडीत जवळचा होतो तो आयबू, वाडीतला मुसलमान. त्याच्याकडे ना कळप ना पेरा, म्हणून तो शाळेपाशीच असतो. मराठी ग्रामीण साहित्यात इतक्या सहजपणे आलेली मुसलमान व्यक्तिरेखा विरळा आहे. आलेल्या परक्याला सर्वांत आधी हात देतो तो गावातला सर्वांत कमी आधार असलेला माणूस, हे माडगूळकरांनी न बोलता दाखवले. माझ्या कसोटीने पाहिले तर आयबू हा बनगरवाडीचा अन्सार आहे.

याच कादंबरीत शेकू आणि त्याची बायको आहेत. जोडीला दुसरा बैल नाही, वेळ निघून चालली आहे, तेव्हा शेकूची बायको बैलाशेजारी स्वतः जू खांद्यावर घेते आणि औत ओढते. या प्रसंगाची समीक्षकांनी तारीफ केली आहे आणि ती योग्यच आहे. मीही वर्गात हा प्रसंग उर्दूत सांगत असे. पण २०२२ च्या वसंतात अवकाळी पावसाने तोड बंद पडली होती, तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळेत येऊन बसली. बीड जिल्ह्यातून टोळीबरोबर आलेले हे मुसलमान कुटुंब. मी शेकूच्या बायकोची गोष्ट सांगत होते. बाईने ती पूर्ण ऐकली. मग तिने विचारले, "बाजी, फिर सांज कू रोट्या कौन डाली?"

औत ओढून झाल्यावर संध्याकाळी भाकरी कोणी केली? सत्तर वर्षांच्या समीक्षेत हा प्रश्न माझ्या तरी वाचनात आलेला नाही. माडगूळकर मास्तराच्या डोळ्यांनी पाहतात. मास्तर बांधावर उभा असतो, त्याला जू दिसते. चूल दिसायला मास्तराला त्या घरात जावे लागले असते. शेकूची बायको वाचकाच्या लक्षात राहते ती बैलाच्या जागी उभी राहिलेली म्हणून, आणि 'शेकूची बायको' म्हणून. ऊसतोडीच्या फडात नेमके हेच घडते. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते. पहाटे तीन-चारला उठून भाकरी तिनेच थापलेली असते आणि रात्री कोपीवर परतल्यावर चूलही तीच पेटवते. कोयता या शब्दात तिची फडातली मेहनत निम्मी मोजली जाते; कोपीतली मेहनत मुळीच मोजली जात नाही. फडातल्या बाईने एका वाक्यात एका अभिजात कादंबरीची मर्यादा दाखवली, असे मला वाटले.

'बनगरवाडी'चा शेवट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. दुष्काळ पडतो आणि वाडी जगायला बाहेर पडते. वाडी ओस होते, मास्तरही निघतो, कादंबरी संपते. ही माणसे कोठे गेली? दुष्काळात कोरड्या मुलखातून लोक ज्या पाणथळ पट्ट्यांकडे उतरतात, त्यांतला एक पट्टा आमचा आहे. जिथे 'बनगरवाडी' संपते तिथे बारामती-इंदापूरची कादंबरी सुरू व्हायला हवी होती. ती झाली नाही. मराठी ग्रामीण साहित्याने निघण्याचा क्षण लिहिला आणि पोचण्याचा क्षण दुसऱ्या कुणावर तरी सोडला.

पोचण्याचा क्षण आतून लिहिला तो दलित-भटक्यांच्या आत्मकथनांनी. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) हे आमच्या शेजारच्या फलटण तालुक्याच्या मातीतले पुस्तक आहे. कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरते, गावाबाहेर पाल ठोकते, टोपल्या विणते आणि गावाच्या मर्जीवर राहते. इथे गाव पहिल्यांदाच पालातून दिसते. गावकऱ्याच्या डोळ्यांतला संशय, एका शब्दावर पाल उठवण्याची त्याची सत्ता, हे सर्व 'उपरा'मध्ये आहे. म्हणजे दार न उघडणारा यजमान तरी लिहिला गेला. १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला ही गोष्ट तेव्हा मोठी होती. पण 'उपरा' हे मुलाचे कथन आहे. आईबाप तेथे कष्ट करतात, भांडतात, मुलाला शिकवण्याची जिद्द धरतात. ते आईबाप म्हणून दिसतात. एकमेकांचे जोडीदार म्हणून, परक्या गावाच्या वेशीवर दोघेच एकमेकांचे गणगोत असलेली दोन माणसे म्हणून, त्यांच्याकडे पाहणे हे मुलाच्या कथनात शक्य नसते. आत्मकथनाचा दोष काढण्यासाठी मी हे म्हणत नाही. ही जागा रिकामी राहिली, एवढेच दाखवायचे आहे.

विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'त (१९९१) धरणग्रस्तांची कथा येते. परक्यांच्या शिवारात वसवले गेलेले लोक आणि त्यांना न सामावणारी गावे यांचा संघर्ष तेथे विस्ताराने आहे. इंदापूरच्या वाचकाला ही कादंबरी परकी वाटत नाही, कारण १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यात आमच्या तालुक्यातली गावेही गेली. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि माणसे ते पाहायला जातात. परंतु धरणग्रस्त जमातीने येतो आणि हक्काचा कागद घेऊन येतो. तो कागद कितीही फाटका असो, त्यावर भांडता येते. तोडीला आलेल्या जोडप्याकडे कागद असतो तो उचलीचा, म्हणजे कर्जाचा. ते गावाशी भांडू शकत नाही. म्हणून संघर्षावर उभ्या राहणाऱ्या कादंबरीला ते नायक म्हणून चालत नाही. आपली कथनाची रीतच अशी झाली आहे की भांडणारा माणूस दिसतो, निमूट मोळी उचलणारा पार्श्वभूमीला जातो.

साखरेच्या सत्तेवर मात्र आपण लिहिले आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला 'सामना' (१९७४) हा चित्रपट आजही पाहावा असा आहे. आमच्या शेजारच्या दौंडमध्ये डॉक्टरी करणाऱ्या एका मुसलमान दिग्दर्शकाने साखरसम्राटाला आरशासमोर उभे केले, याचा आपल्याला अभिमान आहे. मारुती कांबळेचे काय झाले, हा त्यातला प्रश्न महाराष्ट्रात अनेक वर्षे विचारला गेला. पण 'सामना'त साखर येते ती सत्तेच्या टोकाने; कॅमेरा वाड्यावर आणि कारखान्यावर असतो. फडाच्या टोकाने साखर पाहणे बाकीच राहिले.

आता आपल्या घराकडे वळू. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, त्यामागे एक रास्त वेदना होती. आम्ही याच मातीतले, याच भाषेत बोलणारे, तरी आमच्याच गावात आम्हाला परके का मानता? हमीद दलवाईंच्या 'इंधन'चा (१९६५) निवेदक बऱ्याच वर्षांनी आपल्या कोकणातल्या गावी परततो आणि ते गाव डोळ्यांदेखत पेटताना पाहतो. तेव्हापासून आजपर्यंत आपल्या कथा-कवितांचा मुख्य सूर 'आपल्याच गावात परका' हाच राहिला आहे. तो खरा आहे आणि आजच्या वातावरणात तर तो अधिकच खरा आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. परकेपणाची आपल्याला इतकी सवय झाली आहे की परके असण्याचा मक्ता आपलाच आहे, असे आपण धरून चालतो. आपल्यालाही कुणाचे तरी यजमान व्हायची पाळी येते, ही गोष्ट आपल्या लेखनात जवळजवळ नाही. आपण स्वतःला नेहमी मुहाजिर म्हणून लिहिले, अन्सार म्हणून कधी लिहिले नाही.

यावर असे म्हटले जाईल की तो अनुभव आपला नव्हे. मला हे मान्य नाही, आणि त्यासाठी स्वतःवरची एक गोष्ट सांगावी लागेल. २०२१-२२ चा हंगाम फार लांबला. ऊस उभाच होता, कारखान्यांचा पट्टा पडेना. ३ मे २०२२ ची ईद आली तरी टोळ्या शिवारातच होत्या. वर सांगितलेल्या मुलीचे कुटुंब आणि आणखी एक घर, अशा दोन मुसलमान कोप्या आमच्या गावच्या कालव्याकाठी होत्या. ईदच्या आधी त्यांना फित्रा पोचवावा, असे जमातीत ठरले आणि तो पोचला. पुरुष नमाजला आले, मागच्या सफीत उभे राहिले, गळाभेट झाली, आणि ते फडावर परत गेले. शिरखुर्म्याचे बोलावणे त्यांना गेले नाही. माझ्याकडूनही गेले नाही. ती मुलगी माझ्या वर्गात होती आणि तिच्या आईने मला 'बनगरवाडी' कशी वाचायची ते शिकवले होते, तरी गेले नाही. संध्याकाळी माझ्या लक्षात आले की फित्रा देताना आपण त्यांना गरीब म्हणून मोजले. पाहुणे म्हणून मोजले असते तर ताटे मांडावी लागली असती.

मी आणि माझे पतीही या गावात बाहेरूनच आलो आहोत. जिल्हा परिषदेच्या बदल्यांत 'पती-पत्नी एकत्रीकरण' असा एक नियम आहे. दोघे नोकरदार वेगळ्या ठिकाणी असतील तर त्यांना जवळ आणावे, संसार मोडू नये, असा त्याचा हेतू. सरकार आम्हा दोघांना एक धरते ते आम्हाला एकत्र राहता यावे म्हणून, आणि पगार दोघांचा वेगळा देते. मुकादम दोघांना एक धरतो तेव्हा दोघांचे श्रम एका नावावर घेता येतात. आम्ही आलो तेव्हा गावाने खोली पाहून दिली, पहिले आठ दिवस दूध पाठवले. तीच माणसे, तेच गाव, तोच कालवा. म्हणजे यजमानपण गावाला येत नाही असे नाही. ते कुणासाठी काढायचे, हे गाव ठरवते. या ठरवण्यात आपण सारे आहोत, आणि म्हणून तो अनुभव आपलाच आहे.

गेल्या काही वर्षांत ऊसतोड स्त्रीविषयी बोलले जाऊ लागले, त्याला एक भयंकर निमित्त झाले. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याच्या बातम्या आल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा परवडत नाही, दंड भरावा लागतो, पाळीच्या दिवसांतही मोळी उचलावी लागते, ही कारणे पुढे आली. त्यानंतर या विषयावर कविता आणि कथा बऱ्याच लिहिल्या गेल्या. त्यांतील कळकळ खरी आहे. पण मी वाचलेल्या बहुतेकींत बाई एकटी आहे, किंवा तिचा नवरा दारुडा आणि जुलमी आहे. नवरे तसे असतातही. तरी ज्या नवऱ्याने उचलीच्या कागदावर अंगठा दिला, ज्याला बायको आजारी पडली तर आपण अर्धा कोयता होऊ आणि उचल फिटणार नाही हे माहीत आहे, ज्याला तिच्याविषयी माया आहे आणि त्याच वेळी तिच्या खाड्याची भीती आहे, तो माणूस कोणी लिहिला आहे? कोयता दोघांना जोडतो आणि दोघांच्या मध्येही येतो. जोडी पूर्ण व्हावी म्हणून शाळकरी मुलींची लग्ने लावली जातात, तेव्हा तर हत्याराच्या हिशेबातूनच संसार उभा राहतो. ही गुंतागुंत अहवालात मावणार नाही. तिला कथाच हवी.

अशी कथा लिहायची तर मला तीन गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, कोयता हा शब्द फोडून त्यातली दोन माणसे दोन नावांनी उभी करावी लागतील. दुसरी, कथा पाच-सहा महिन्यांच्या मापाने बांधावी लागेल. पट्टा पडला की माणसे जातात आणि पुढच्या दसऱ्याला कदाचित दुसऱ्याच गावी उतरतात, हा तुटकपणा कथेने सोसला पाहिजे. तिसरी आणि सर्वांत अवघड, लेखकाने यजमानाच्या जागी स्वतः उभे राहावे लागेल. नळावर पाणी भरू देणारे किंवा न देणारे, वाढे विकत घेताना घासाघीस करणारे, साखरशाळा बंद झाल्यावर त्या मुलांना आपल्या वर्गात बसवणारे किंवा पटावर नाव घालून विसरणारे आपणच आहोत. आपल्याला वाईट ठरवणारी पात्रे आपल्या घरातून घ्यावी लागतील.

वेळही फार उरलेली नाही. ऊसतोडणीची हार्वेस्टर यंत्रे आता आमच्या शिवारातही फिरताना दिसतात. यंत्र वाढले तर हा जोडीचा प्रवास एक दिवस संपेल. त्याचे दुःख करायचे कारण नाही. माणसांची त्यातून सुटका झाली, पोटाची दुसरी सोय झाली, तर चांगलेच. परंतु तीन-चार पिढ्या दर वर्षी आपल्या गावात येऊन राहिलेली माणसे आपल्या भाषेत एका हत्याराच्या नावाने उरली, तर तो आपल्या साहित्याचा दोष ठरेल.

शाहीर अमर शेख बार्शीचे. कामगारांसाठी गात गात त्यांनी महाराष्ट्र पायाखाली घातला आणि १९६९ मध्ये इंदापूरजवळ अपघातात त्यांचे निधन झाले. आमच्या तालुक्यात त्यांचे नाव निघाले की लोक हळहळतात. ज्या रस्त्यांनी ते गेले त्याच रस्त्यांनी आज बीडच्या ट्रॉल्या येतात. आपण त्यांचे वारस म्हणवतो. निदान पुढच्या हंगामात आपल्या गावात उतरलेल्या एका तरी जोडीची दोन नावे आपल्याला माहीत असावीत. लिहिणे त्यानंतरचे.

ती मुलगी त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला टोळीबरोबर गेली. पुढच्या दसऱ्यानंतर कालव्याकाठी कोप्या पडल्या, त्या दुसऱ्या लोकांच्या होत्या.